चढ आला, उतर!

मुलांनो, तुम्ही कधी डबलसीट बसून पूल चढला आहात का? मी नाही. चालत मात्र शेकडो वेळा चढलो आहे आणि तेही घरात पेट्रोलवर चालणारी गाडी असताना!

गोष्ट 1985 च्या आसपासची. आम्ही डोंबिवलीत राहत होतो आणि माझं आजोळ कल्याणला. दर रविवारी बाबा मला त्यांच्या मोपेडच्या कॅरिअरवर बसवायचे आणि आम्ही निघायचो. गाडी सपाट रस्त्यावर मस्त पळायची. कल्याणचा पत्री पूल जवळ आला, की बाबा न चुकता मान मागे वळवून ओरडायचे, "उतर रे, चढ आला!" मी टुणकन उडी मारायचो. बाबा पेडल मारत, गाडी भुर्र भुर्र करत पुढे, आणि मी धापा टाकत मागे! ब्रिटिशांच्या काळातला तो पूल 2018 साली पाडला आणि 2021 साली तिथे नवा उभा राहिला. पण तिथून जाताना अजूनही माझे पाय आपोआप उतरायच्या तयारीत असतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोपेड पाहिलीसुद्धा नसेल. मोपेड म्हणजे इंजिन बसवलेली दणकट सायकलच म्हणा ना! त्या काळी मोपेड म्हटलं की लोकांच्या तोंडी एकच नाव यायचं, लुना. कायनेटिक इंजिनिअरिंग या आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीने 1972 साली ती बाजारात आणली. इटलीतल्या पियाज्जिओ कंपनीची 'चाओ' नावाची मोपेड होती, तिच्यावरून ती घडवलेली. इंजिन 50 सीसीचं, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढीच जागा त्याच्या पोटात! गिअर नाही, क्लच दाबायची कटकट नाही. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, सगळ्यांना परवडणारी गाडी. आणि पेडल होतंच. गाडी सुरू करायला पेडल, पेट्रोल संपलं तर पेडल आणि चढ आला तर इंजिनाला हातभार, म्हणजे 'पायभार' लावायलाही पेडल!

लहानपणी मला वाटायचं, की आमच्या गाडीत ताकद कमी आहे. मोठं इंजिन असतं तर मला उतरावं लागलं नसतं. हा समज माझ्या डोक्यात इतका घट्ट बसला, की पुढे मी अंबरनाथच्या आयटीआयमधून फिटर झालो, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पंचवीस वर्षं यंत्रांशी खेळलो, तरी तो काही गेला नाही. तो काढला एका नववीतल्या मुलाने. कसा, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, डोंबिवली पूर्वेला राहते. ती पोळीभाजीचे डबे करते. रोज चौदा डबे, आणि त्यातले बहुतेक पश्चिमेला पोचवायचे. डोंबिवलीत पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर मध्ये रेल्वेचे रूळ. म्हणून ताई कोपर पुलावरून जाते. तिच्याकडे सात गिअरची सायकल आहे. पण वय झालं पन्नास, उजवा गुडघा कुरकुरतो, आणि मागे चौदा किलोंचं ओझं. स्कूटर घे म्हटलं तर म्हणायची, "अरे, पेट्रोलचे पैसे डब्यात घालू का? आणि लायसन्स कुठाय माझ्याकडे?"

मग मीच ठरवलं. ताईच्या सायकलला विजेची मोटर बसवायची! साडेनऊ हजार रुपये खर्चून मी एक संच आणला. छोटी मोटर, दोन बॅटऱ्या, एक कंट्रोलर आणि मुठीला लावायचं ॲक्सिलरेटर. मोटर मागच्या चाकाजवळ बसवली आणि चाकाच्या डाव्या बाजूला एक वेगळी चेन दिली. उजव्या बाजूला पायाची चेन आणि तिचे सात गिअर जसेच्या तसे.

माझा भाचा मदतीला होताच. पाना हातात धरून तो बराच वेळ चाकाकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, सायकलला सात गिअर आहेत ना? मग मोटर त्यातला एकही का वापरत नाही?"

मी काय म्हणालो असेन? "तू आधी पाना नीट धर!"

मुलांनो, मोठी माणसं असं म्हणतात ना, तेव्हा बऱ्याच वेळा त्यांना उत्तर येत नसतं, बरं का!

सायकल तयार झाली. आमच्या गल्लीत ताईने पाय न हलवता दोन फेऱ्या मारल्या. शेजारच्या काकू टाळ्या वाजवायला लागल्या. मी कॉलर ताठ केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. कोपर पुलाच्या चढावर गाड्यांची रांग लागली, म्हणून तिला थांबावं लागलं. पुन्हा निघताना मोटर नुसती गुरगुरली, जळका वास आला आणि सगळं बंद! मागून हॉर्नवर हॉर्न. बॅटऱ्यांचं वजन जास्तीचं, त्यात डबे. बिचारीने सायकल ढकलत पूल ओलांडला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिच्याकडून डबा घेणारे एक आजोबा मधुमेही आहेत. डबा रोज साडेबाराला येतो म्हणून ते त्या सुमारास इन्सुलिन टोचून घेतात. त्या दिवशी इन्सुलिन घेतलं आणि डबाच नाही! इन्सुलिन घेतल्यावर वेळेवर जेवलं नाही, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. ताई पोचली तेव्हा आजोबांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. शेजारणीने साखरेचं पाणी दिलं होतं म्हणून बरं. ताई घरी आली आणि मला एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोटर काढून ठेवायला सांगितली आणि गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा पायाने सायकल हाणायला लागली.

मला रात्री झोप येईना. मी उपाय शोधला तोही तोच, लहानपणचा. मोटर लहान पडली, मोठी आणू! दुप्पट ताकदीची! पण तिथे कायदा आडवा आला. आपल्याकडे विजेच्या सायकलची मोटर 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच ती सायकलीत जमा होते. त्याच्या वर गेलात की ती मोटार वाहन झाली. मग नोंदणी आली, विमा आला, लायसन्स आलं. म्हणजे तोही रस्ता बंद.

त्या रविवारी मी डोकं धरून बसलो होतो. भाचा सायकल उलटी करून मागच्या चक्रांचे दाते मोजत होता आणि गणिताच्या वहीत काहीतरी लिहीत होता. मग त्याने वही माझ्यासमोर ठेवली. मी तुम्हाला ते गणित सांगतो. सोपं आहे, घाबरू नका.

समजा, वीस किलो गहू तिसऱ्या मजल्यावर न्यायचा आहे. एका खेपेत उचलत नाही. मग तुम्ही काय करता? दहा-दहा किलोंच्या दोन खेपा. गहू तेवढाच, जिना तोच. खेपा दुप्पट झाल्या, पण प्रत्येक खेपेचा भार निम्मा झाला. गिअर हेच करतो. तो ताकद वाढवत नाही, खेपा वाढवतो!

ताईच्या सायकलला पेडलपाशी 34 दात्यांचं चेनव्हील धरा. मागच्या सात चक्रांपैकी सगळ्यात लहान 14 दात्यांचं आणि सगळ्यात मोठं 28 दात्यांचं. चेन 14 वर असली, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर जाते. 28 वर असली, तर अडीच मीटर. अंतर निम्मं, म्हणून पायावरचा भारही निम्मा.

आणि आमची मोटर? तिचा दांडा मिनिटाला 320 फेरे घ्यायचा. तिच्या तोंडाशी 9 दात्यांचं चक्र, चाकावर 18 दात्यांचं. म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात सायकल एक मीटर जाणार. सपाटीवर एक मीटर, उतारावर एक मीटर आणि पुलाच्या चढावरही एक मीटर! तिला खेपा वाढवायची सोयच नव्हती. ताईच्या पायांना सात गिअर, आणि मोटर बिचारी कायम एकाच गिअरमध्ये अडकलेली.

विजेच्या मोटरची एक गंमत असते. ती वेगात फिरते तेव्हा वीज बेताची ओढते. ओझ्याने तिचं फिरणं मंदावलं, की ती वीज जास्त ओढायला लागते. पण त्या जास्तीच्या विजेतून बरीचशी उष्णताच तयार होते. म्हणून गुरगुर, म्हणून जळका वास. मोटर अशक्त नव्हती. मी तिला चुकीच्या जागी जुंपलं होतं.

भाच्याने वहीच्या तळाशी लिहिलं होतं, 'मोटरने चाकाऐवजी पेडल फिरवावं.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. हाच प्रश्न त्याने पहिल्या दिवशी विचारला होता आणि मी त्याला पाना धरायला लावला होता. मी म्हटलं, "चुकलं माझं. तेव्हाच ऐकायला हवं होतं." तो इतका लाजला, की वही घेऊन आत पळाला.

जगात गिअरला कमी लेखणारा मी एकटाच नव्हतो, हे मला नंतर कळलं. तुम्ही 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध सायकल शर्यतीचं नाव ऐकलं असेल. ती 1903 साली सुरू झाली. पण चालत्या सायकलवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर तिथे 1937 पर्यंत सर्वांना वापरता येत नव्हता! तोवर खेळाडू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दाते असलेली चक्रं लावायचे. डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि मग चढायचं. शर्यतीचे संयोजक आंरी देग्रांज यांना वाटायचं, माणसाने स्नायूंच्या बळावर जिंकावं, यंत्राच्या युक्तीवर नव्हे. माझंही तसंच झालं होतं. मी बळ शोधत होतो, युक्ती समोर पडली होती.

आणि आपल्याकडच्याच गाड्या बघा ना. बजाजच्या एम-80 ला इंजिन लहान होतं, पण गिअर होते, म्हणून दूधवाले तिच्यावर कॅनच्या कॅन लादायचे. कायनेटिक होंडा आली ती बिनगिअरची स्कूटर म्हणून. पण खरं सांगू? 'बिनगिअरच्या' स्कूटरमध्ये गिअर नसतो असं नाही, तो आपल्याला बदलावा लागत नाही एवढंच! आत एक पट्टा दोन पुलींवरून फिरतो. वेग वाढेल तशी एक पुली आवळते, दुसरी सैल होते आणि गिअर आपोआप बदलत राहतो.

आता आमच्या कामाला लागू. मी वागळे इस्टेटमधल्या माझ्या जुन्या सोबत्याकडे गेलो. त्याच्याकडे लेथ आहे. त्याने एक कडं बनवून दिलं. पेडलच्या क्रँकवर एक फ्रीव्हील बसवायचं आणि त्या कड्यावर शेजारी शेजारी दोन चेनव्हील. एकाला 36 दाते, त्यावर मोटरची चेन. दुसऱ्याला 34 दाते, त्यावरून मागच्या सात गिअरकडे जाणारी चेन.

फ्रीव्हील कशाला, असं विचारलंत ना? शाब्बास! सायकलचं पेडल उलटं फिरवलं की टिक टिक टिक असा आवाज येतो ना, ती करामत फ्रीव्हीलची. एका दिशेने पकडतं, दुसऱ्या दिशेने सोडून देतं. क्रँकवर ते नसतं, तर मोटरने ताईचे पाय गरागरा फिरवले असते! आणि मोटरच्या बाजूलाही एक फ्रीव्हील लागतं, म्हणजे मोटर बंद असताना ताईच्या पायांना ती ओढावी लागत नाही.

गणित कसं जमलं बघा. मोटरचे 320 फेरे, तिचे 9 दाते आणि समोर 36 दाते. म्हणजे चौथा हिस्सा, मिनिटाला 80 फेरे. चांगला सायकलवाला साधारण एवढ्याच गतीने पेडल मारतो. जणू ताईऐवजी दुसरंच कुणीतरी न दमता पेडल मारतंय! मोठ्या 28 दात्यांच्या गिअरमध्ये मोटरच्या एका फेऱ्यात सायकल आता एक मीटरऐवजी 63 सेंटिमीटर जायला लागली आणि चाकावरचा जोर दीडपटीहून जास्त झाला. वेग मिळाला ताशी 12 किलोमीटर. लहान 14 दात्यांच्या गिअरमध्ये ताशी 24, म्हणजे कायद्याच्या आतच. मोटर तीच, बॅटऱ्या त्याच!

पण पहिल्याच फटक्यात जमलं असं समजू नका हं. आधी दोन चेनव्हील आणि मोटर एका रेषेत नव्हती, तर चेन सारखी उतरायची. वॉशर घालून घालून ती रेष जुळवली. मग भाच्याने मोटर पूर्ण जोरात असतानाच गिअर बदलला आणि 'कटाक्' करून चेनची कडी तुटली. बरोबरच आहे. गिअर बदलताना चेनवर ताण नको. पायाने चालवताना आपण नकळत पाय ढिला सोडतो. मोटरला ते कुठून कळणार? त्यावर तोडगा ब्रेकमध्ये सापडला. अशा संचाच्या ब्रेकच्या दांडीत एक बटण असतं. दांडी जराशी ओढली की मोटर बंद होते. मग ताईला मंत्रच दिला. ब्रेकची दांडी जराशी ओढ, गिअर टाक, दांडी सोड. आणि चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर बदल, चढावर अडकल्यावर नाही.

रिकाम्या सायकलवर आठ दिवस सराव झाला. आजोबांचा डबा मी त्या आठवड्यात स्वतः नेऊन दिला. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराला पाच कमी होते. त्या नजरेने मला जे शिकवलं, ते कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकलो नाही. आपली गंमत जिथे दुसऱ्याच्या जेवणाशी, जिवाशी जोडलेली असते, तिथे 'चालेल बहुतेक' असं म्हणून चालत नाही.

मग तो दिवस आला. चौदा डबे, ताई आणि कोपर पूल. भाचा शाळेला सुट्टी असल्याने पुलाच्या वरच्या टोकाला जाऊन उभा होता. मी खाली. ताई जवळ आली आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ताई, चढ आला!"

ती हसली. दांडी ओढली, 'खट्' आवाज आला, चेन मोठ्या चक्रावर चढली. मध्येच रिक्षा आडवी आली म्हणून तिला थांबावं लागलं. माझा श्वास अडकला. तिने पेडलला हलकाच पाय लावला, मूठ पिळली, आणि सायकल शांतपणे, घाईगडबड न करता वर निघाली. वरून भाच्याने दोन्ही हात उंच केले. ताई उतरली नाही!

मुलांनो, आज घरी गेलात की तुमची सायकल उलटी करा. पुढच्या चेनव्हीलचे दाते मोजा, मागच्या चक्राचे मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरतं ते कळेल. मग पेडल एकदा फिरवून पडताळून बघा. दाते मोजताना चेनमध्ये बोट घालू नका. आणि मोटर, बॅटरी यांचं काम करायचंच असेल, तर जाणत्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. घरच्या नोंदणी झालेल्या स्कूटरमध्ये तर परस्पर काही बदल करू नका, ते कायद्याला मान्य नाही.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी एकच. पाना धरून उभं असलेलं पोर काही विचारत असेल, तर आधी ऐकून घ्या. कदाचित चढ चढायची युक्ती त्याच्याच हातात असेल.

बाबा आज असते, तर मी त्यांना त्या सायकलवर बसवून पत्री पुलावर नेलं असतं. आणि म्हटलं असतं, "बसा बाबा, उतरू नका. चढ आलाय, पण आता गिअर आहे!"